ठेवीदाराशी नाते, असल्यास

बँकेतली नोकरी संपून सहा वर्षे झाली, तरी हातात कुठलाही छापील फॉर्म आला की माझी नजर आधी तळाशी जाते. सही कुठे, तारीख कुठे, साक्षीदाराची जागा कुठे. छत्तीस वर्षांची सवय आहे ती. माझ्या पहिल्या कादंबरीवर लिहिताना एका परीक्षणकर्त्याने माझ्या भाषेला ‘व्हाउचरसारखी कोरडी’ म्हटले होते. मला त्यात निंदा वाटली नाही. मात्र ज्या फॉर्मविषयी आज लिहिते आहे तो मी हजारो लोकांकडून भरून घेतला आणि नीट वाचला एकदाच, तोही उशिरा.

पण सुरुवात त्याच्याही आधीची आहे. १९९४ च्या सुमारास मी कल्याणच्या एका शाखेत अधिकारी होते. एका सकाळी काउंटरपुढची रांग आपोआप फाकली आणि हिरव्या साडीतली एक उंच व्यक्ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. टाळी वाजवली नाही, आवाज चढवला नाही. “ताई, खातं काढायचंय,” एवढेच म्हणाली. प्लास्टिकच्या पिशवीत दहा-पाचच्या नोटांची चळत होती, रबर लावून नीट मोजलेली. राहत्या खोलीतून दोनदा पैसे चोरीला गेले होते म्हणे.

त्या काळी खाते उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागे. ती तिने आणली होती. बाजारातले एक कासार आमचे जुने खातेदार होते, ते स्वतः येऊन सही करून गेले. अडले ते पुढेच. फॉर्मवर छापले होते : ‘श्री./श्रीमती/कु. – लागू नसेल ते खोडा.’ मी पेन हातात धरून बसले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुलाचे नाव होते, समोर साडी होती. “नाव कुठलं घालू?” मी विचारले. “दोन्ही घाला ना,” ती म्हणाली. आज वाटते, त्या टेबलावर त्या दिवशी झालेली ती एकमेव शहाणी सूचना. मी म्हटले, “साहेबांना विचारून सांगते, सोमवारी या.” सोमवारी ती आली. साहेब खरोखरच रजेवर होते, म्हणून मी पुढचा आठवडा सांगितला. त्यानंतर ती आली नाही, आणि मला हायसे वाटले. तिने पैसे कुठल्याशा भिशीत घातले, असे कासार नंतर बोलले. भिशीचे पुढे काय झाले, ते मी विचारले नाही.

नियम आड आला होता का? नाही. तृतीयपंथीयांचे खाते उघडू नये असे कुठल्याही परिपत्रकात मी कधी वाचले नव्हते. आड आली ती छापील ओळ आणि तिच्यामागे दडलेली मी. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना आपल्या फॉर्मांमध्ये ‘तृतीय लिंग’ असा पर्याय छापायला सांगितले ते २३ एप्रिल २०१५ रोजी. तोवर एकवीस वर्षे गेली होती. तेही आपणहून नव्हे. त्याआधीच्या वर्षी, १५ एप्रिल २०१४ ला, सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ खटल्यात आपण कोण हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याचा आहे असा निकाल दिला होता. त्या खटल्यात बाजू मांडणाऱ्यांत आपल्या ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी होत्या. वैशाली रोडे यांच्या शब्दांकनातून २०१२ साली आलेले त्यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन अनेक मराठी घरांत वाचले गेले. आमच्या वाचनालयातली प्रत मी मागितली तेव्हा हाती आली ती वर्तमानपत्राचे कव्हर घातलेली. वाचायचे होते, पण लोकलमध्ये दिसू द्यायचे नव्हते.

लोकलचे तर काय सांगावे! पुढे मुंबईला बदली झाल्यावर डोंबिवलीच्या गाडीच्या लेडीज डब्यात मी बारा वर्षे काढली. टाळी ऐकू आली की पर्स उघडायची, नाणे द्यायचे, डोक्यावर हात ठेवून घ्यायचा आणि नजर खिडकीबाहेर. कधीकधी त्रासही होई, पैसे न देणाऱ्या मुलींना नको ते ऐकावे लागे, हे मी झाकून ठेवणार नाही. पण नातवाच्या बारशाला ज्यांचा आशीर्वाद चालतो त्यांची सही आम्हाला चालत नव्हती. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ असा रकाना प्रथमच आला आणि त्यात महाराष्ट्रातून ४०,८९१ माणसे नोंदली गेली. इतक्या माणसांची बचत कुठे असते, हा प्रश्न बँकवाल्यांना पडायला हवा होता.

आता त्या दुसऱ्या फॉर्मकडे येते. गोष्ट डोंबिवली पूर्वेची आहे. मी तेव्हा तिथल्या शाखेत होते. दोन गृहस्थ एकत्र येत. एक एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात, दुसरे शाळेत शिक्षक. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे फिरवले आहेत.) वीस वर्षे एका घरात राहत होते. इमारतीत ‘मावसभाऊ’ म्हणून सांगितले होते आणि इमारतीनेही अधिक चौकशी न करण्याचा सभ्यपणा पाळला होता. तृतीयपंथी वेगळे, समलिंगी वेगळे, आपण गप्पांत दोघांना एकाच पोत्यात भरतो. पण बँकेच्या काउंटरवर दोघांची गाठ एकाच गोष्टीशी पडते, ती म्हणजे रकाना.

कारखान्यातले गृहस्थ एकदा एकटे आले. मुदत ठेवीला वारसाचे नाव लावायचे होते. फॉर्म भरता भरता थांबले. “मॅडम, नात्याच्या जागी काय लिहू?” मी मान वर न करता, जे सगळ्यांना सांगायची तेच सांगितले, “घरातलंच कोणी घाला हो. भाऊ, पुतण्या. नंतर कटकट नको.” ते थोडा वेळ बसले आणि पुतण्याचे नाव लिहून गेले.

चार वर्षांनी ते वारले. पुतण्या मृत्यूचा दाखला घेऊन आला, पैसे घेऊन गेला. सारे नियमानुसार झाले. दोन आठवड्यांनी गुरुजी आले. त्या ठेवीत त्यांच्याही पगारातले पैसे होते, पण त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी विचारले ते एवढेच, की त्याचे रद्द झालेले पासबुक मिळेल का, त्यावर फोटो आहे. मी नियम सांगितला. ते ‘बरं’ म्हणाले, आभार मानले आणि छत्री उघडून बाहेर पडले.

पुढे कधीतरी तपासणीसाठी जुनी नामनिर्देशने काढून बसले होते. तेव्हा तो फॉर्म मी पहिल्यांदा अक्षर न् अक्षर वाचला. ‘डीए-१’ म्हणतात त्याला. नात्याच्या रकान्यावर छापले होते, ‘ठेवीदाराशी नाते, असल्यास’. इंग्रजीतही तसेच, ‘इफ एनी’. असल्यास! म्हणजे नसले तरी चालते. बँकिंग कायद्यात नामनिर्देशनाचे कलम १९८३ साली घातले गेले, नियम १९८५ ला आले, आणि तेव्हापासून ठेवीदार कुठल्याही व्यक्तीचे नाव देऊ शकत होता. शेजाऱ्याचे, मित्राचे, दूधवाल्याचेसुद्धा. कायदा करणाऱ्याने जागा मोकळी ठेवली होती. ती बुजवली आम्ही, काउंटरच्या अलीकडे बसलेल्यांनी.

२८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय अर्थखात्याने खुलासा काढला : समलिंगी व अन्य समुदायांतील व्यक्तींना संयुक्त खाते उघडायला किंवा जोडीदाराचे नाव वारस म्हणून लावायला कोणतेही बंधन नाही. आदल्या वर्षी, १७ ऑक्टोबर २०२३ ला, सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला होता. निदान रोजच्या अडचणी तरी पाहाव्यात म्हणून सरकारने समिती नेमली, त्यातून हे पुढे आले. बातमी वाचून पुष्कळांना आनंद झाला. मी मात्र पेपर बाजूला ठेवला. ‘बंधन नाही’ म्हणजे नवे काही दिलेले नव्हते. जे चाळीस वर्षे फॉर्मवर छापलेले होते, ते सरकारला पत्रक काढून आम्हाला वाचून दाखवावे लागले.

मरणानंतर आपले कोणाला द्यायचे, ही गोष्ट क्षुल्लक नाही. इंग्रजांना ती नेमकी कळली होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक भाग हिजड्यांसाठी होता. उत्तरेकडच्या प्रांतांत तो लागू झाला. संशयितांची यादी करायची, त्यांच्या मालमत्तेची माहिती घ्यायची, आणि यादीत ज्याचे नाव चढले त्याला मृत्युपत्र करता येणार नाही, बक्षीसपत्र करता येणार नाही, मुलाचे पालक होता येणार नाही, दत्तक घेता येणार नाही. बाईच्या वेषात नाचताना दिसला तर तुरुंग होता तो वेगळाच. माणसाला संपवायचे तर त्याची नाती कागदावरून पुसावी, हे त्या कायद्याला ठाऊक होते. म्हणून तर गुरू-चेल्याची परंपरा तगून राहिली. घराने टाकलेल्याला गुरू हीच आई आणि चेला हाच वारस. त्या व्यवस्थेतही जाच आहे, गुरूला डावलून कमाई दुसऱ्याला द्यायची सोय सहसा नसते. पण निदान त्यांच्या वहीत नात्याला नाव आहे.

या विषयावर चार घरांत बोलले की आई-वडील एकच प्रश्न विचारतात, “म्हातारपणी त्याला कोण बघणार?” प्रश्न मायेचा आहे, मी त्याला हसणार नाही. मात्र गुरुजींकडे पाहिल्यावर मला उलटे विचारावेसे वाटते. जो बघत होता, ज्याने शेवटचे आठ महिने केमोथेरपीच्या रांगेत नंबर लावले, त्याला आपण काय म्हटले? मावसभाऊ! कायद्याने जोडीदार म्हणावे की नाही यावर न्यायमूर्तींत मतभेद असतील. मुलाच्या ठेवीवर त्याच्या सोबत्याचे नाव आहे का, एवढे विचारायला आईला न्यायालयाची परवानगी लागत नाही.

जाता जाता बँकवाली म्हणून दोन गोष्टी सांगते, कारण यात भले भले फसतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हातात पैसे देऊन मोकळी होते, पण कायदेशीर वारस त्याच्याकडून मागू शकतात. सोसायटीच्या नॉमिनेशनचेही तसेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद, असे स्पष्टच लिहिले आहे. तेव्हा नावाबरोबर मृत्युपत्र हवे. त्याला स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात. गुरुजींच्या घरात हा कागद असता, तर निदान त्या ठेवीवर ते हक्क सांगू शकले असते. ठाण्यात लक्ष्मींची ‘अस्तित्व’, मुंबईत १९९४ पासूनचा हमसफर ट्रस्ट, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली सुरू केलेला समपथिक ट्रस्ट, अशा संस्थांनी इतक्या वर्षांत आरोग्यापासून समुपदेशनापर्यंत पुष्कळ केले. मला त्यांचे काम त्या कल्याणच्या कासारासारखे वाटते. ‘मी या माणसाला ओळखतो’ असे म्हणून कोणीतरी सही करावी लागते. पण सही झाली तरी पलीकडे बसलेल्याने फॉर्म पुढे सरकवायला हवा.

१ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार जणांपर्यंत नावे लावता येऊ लागली. मीही गेले. दोन मुलगे, एक सून, आणि चौथे नाव माझ्या लेडीज डब्यातल्या मैत्रिणीचे. माझ्या ऑपरेशनच्या वेळी रात्री उशाशी बसलेली ती. काउंटरवरचा मुलगा चुणचुणीत होता. “रिलेशन, मॅडम?” त्याने विचारले. मी म्हटले, “रकाना वाच ना बाळा. ‘असल्यास’ लिहिलंय.” त्याने पडदा माझ्याकडे वळवला. ‘असल्यास’ कुठेच नव्हते. रकान्याशेजारी लाल तारा होता, आणि काहीतरी निवडल्याशिवाय गाडी पुढे सरकत नव्हती. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण. त्याने यादी खाली, आणखी खाली नेली. अगदी शेवटी ‘अदर्स’ सापडले. त्याने ते दाबले आणि पावती छापून माझ्या हातात दिली.