युद्धाची मंजुरी आणि युद्धाची किंमत



आम्ही पडलो कारकून. खर्च कुणी मंजूर केला आणि पैसा कुणाच्या खिशातून गेला, हे दोन्ही रकाने पाहण्याची आम्हाला सवय. अमेरिकेने व्हिएतनाममध्ये केलेल्या युद्धाचे असेच दोन रकाने आज मांडून पाहू.

आधी मंजुरी. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात आपल्या जहाजांवर दोनदा हल्ला झाला, असे अमेरिकन सरकारने सांगितले. दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे उघड झाले. पण तेव्हा खातरजमा करायला सवड कुणाला होती? राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना लष्करी कारवाईची मोकळीक देणारा ठराव प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध ० मतांनी संमत झाला. सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. ते दोघे म्हणजे वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग.

त्याच नोव्हेंबरात निवडणूक होती. आपली पोरे दूर आशियात लढायला धाडणार नाही, असे जॉन्सन प्रचारात सांगत. लोकांनी त्यांना भरभरून मते दिली. आणि मार्च १९६५ मध्ये लढाऊ फौज दा नांगला उतरली!

आता किंमत. सक्तीची भरती १८ व्या वर्षी, पण बहुतेक राज्यांत मताचा हक्क मात्र २१ व्या वर्षी! कॉलेजात शिकणाऱ्याला भरतीतून सवलत मिळे. मग जाणार कोण? कामगारांची, गोरगरिबांची, काळ्यांची मुले. जी काळी-गोरी मुले मायदेशी एका शाळेत शेजारी बसू शकत नाहीत, ती परमुलखात एकत्र मरत आहेत, हे मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६७ मध्ये जाहीरपणे सांगितले. १८ व्या वर्षी मताचा हक्क देशभर मिळाला तो १९७१ मध्ये, घटनादुरुस्ती करून. तोवर हजारो मुले मरून गेली होती.

१९८२ मध्ये वॉशिंग्टनला काळ्या दगडाची स्मारकभिंत उभी राहिली. तिच्यावर ५८ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिकांची नावे आहेत. मेलेल्या लाखो व्हिएतनामी माणसांची नावे तिथे नाहीत. आणि विरोधी मत देणारे ते दोघे? १९६८ मध्ये दोघांच्याही जागा गेल्या.

देशाला मेलेले आठवतात, मंजुरी आठवत नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकवरील युद्धाला सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी संमती दिली. ज्या संहारक शस्त्रांसाठी युद्ध केले, ती सापडलीच नाहीत. तरी २००४ च्या निवडणुकीत उमेदवार केरी यांनी व्हिएतनाममध्ये काय केले होते, यावरच रान उठले. मते जॉर्ज बुश यांच्या पारड्यात पडली.

आपल्याही वस्त्यांत कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ फौजेत आहे. त्यांचा आम्हाला अभिमान आहे आणि म्हणूनच हे लिहितो. मत मागायला आलेला माणूस युद्धाची भाषा बोलू लागला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला विचारा: पुरावा काय? कुणाची मुले जाणार? जो परत येणार नाही, त्याच्या घरच्यांचे काय? घरातल्या आयाबहिणींनीही विचारावे. आणि हे विचारायचे ते मत देण्याआधी. नंतर विचारून मेलेली मुले परत येत नाहीत.