विचारा तर खरं : मोठ्या आईचा पाय

धनजहून (ता. कारंजा, जि. वाशीम) सातवीतल्या एका दोस्ताचं पत्र आलंय. ‘वावरात निंदताना मोठ्या आईला परड साप चावला. मांडीला दोरी आवळून बांधली अन् दवाखान्यात नेलं. सलाइनमधून सापाचं औषध दिलं, ती वाचली. पण पोटरी बारीक झाली, पाय ओढत चालते. औषध देऊनही असं कसं?’

दोस्ता, परड म्हणजे घोणस. तिचं विष हा एकच पदार्थ नव्हे, ते अनेक प्रथिनांचं मिश्रण असतं. काही प्रथिनं रक्ताची गोठण्याची शक्तीच संपवतात, काही बारीक रक्तवाहिन्या फोडतात, तर काही थेट स्नायूंच्या पेशींवर जातात. पेशीचं आवरण फाटलं, की आत कॅल्शियम घुसतं अन् पेशी मरते. हे सगळं दंश होताच सुरू होतं बरं का, दवाखाना गाठेपर्यंत थांबत नाही.

आता औषध. घोड्याला थोडं थोडं विष टोचतात. त्याच्या रक्तात विषाला पकडणारी प्रतिपिंडं तयार होतात, त्यांचंच हे प्रतिविष. मुंबईच्या हाफकिननं ते कित्येक वर्षं बनवलं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चौघांवर ते एकच. रक्तात फिरणारं विष ते पकडतं, म्हणून मोठी आई वाचली. पण चाव्याच्या जागी स्नायूत मुरलेल्या विषापर्यंत ते लवकर पोचत नाही आणि मेलेली पेशी जिवंत करत नाही. गंजीची आग विझवता येते, जळालेला कडबा थोडाच परत येतो!

मग स्नायूचं काय? डॉक्टर जखम साफ ठेवतात, सडलेला भाग काढतात. मेलेल्या स्नायूंतलं लाल द्रव्य मूत्रपिंडात अडकू शकतं (लघवी काळ्या चहासारखी होते), म्हणून लघवीवर लक्ष ठेवतात, सलाइन बेतानं देतात. पुढचं काम शरीराचं. स्नायूच्या धाग्यांना चिकटून काही राखीव पेशी झोपलेल्या असतात. अलेक्झांडर मॉरो या शास्त्रज्ञानं 1961 साली त्यांची ओळख करून दिली. धागा मेला, की त्या जाग्या होऊन नवा धागा विणतात. मात्र त्यांना रक्तपुरवठा लागतो, आणि घोणशीचं विष रक्तवाहिन्याच तोडतं! मग स्नायूऐवजी तिथं ताठर व्रण भरतो. आवळलेल्या दोरीनं नुकसान वाढलंच असणार. (खरं तर काही न आवळता पाय काठीच्या आधारानं स्थिर ठेवायचा, रुग्णाला चालू द्यायचं नाही आणि 108 ला फोन करायचा.)

स्नायूंवर जाणाऱ्या प्रथिनांना अडवणारी व्हारेस्प्लॅडिब नावाची गोळी शास्त्रज्ञ तपासताहेत. भारतातल्या रुग्णांवरही चाचणी झाली, पण नेहमीच्या उपचारात ती अजून आलेली नाही.

तोवर व्यायाम. फिजिओथेरपीचे डॉक्टर मोठ्या आईचा पाय पाहून तो ठरवतील. व्रणानं सांधा आखडू नये, उरलेल्या स्नायूला बळ यावं, यासाठी तो रोज करायचा. किती महिने झाले ते तू लिहिलं नाहीस. आणि टाच टेकवून पाऊल वर उचलता येतं का, तेही पाहून कळव.