तोरणमाळचे दोन दिवस

आमच्या अक्कलकुव्याहून सातपुडा इतका जवळ, कीं गांवाबाहेर पडावें तों तो समोर उभा. तरी थंड हवेचें ठिकाण म्हटलें कीं घरोघरीं महाबळेश्वर-माथेरानचींच नांवें निघतात. तोरणमाळ सुमारें ११५० मीटर उंच, माथेरानहून बरेंच वर, आणि आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांत. परंतु साऱ्या नोकरींत आम्हांस तेथें जाण्याची बुद्धि झाली नाहीं. गतवर्षीं मार्गशीर्षांत शनिवार-रविवार साधून घरच्या सात माणसांनीं जावयाचें ठरलें.

मास्तरकीची खोड निवृत्तीनें जात नाहीं. आम्ही १८८० सालचें खानदेश गॅझेटियर काढून तोरणमाळचा मजकूर वाचला आणि दोन दिवसांचें वेळापत्रकच लिहून भिंतीवर लावलें. पहांटें उठणें, सूर्योदय, सीताखाई, गोरक्षनाथाचें देऊळ, सायंकाळीं तलाव. दुसरे दिवशीं मच्छिंद्रनाथाची गुंफा. ‘बाहेरचें खाणें नाहीं’ हें कलमहि आमचेंच. गॅसची लहान शेगडी, पीठ, तूप, लोणचें, डबे हें सारें सूनबाईंनीं बांधलें.

तळोदें मागें टाकून शहाद्यास आलों. तेथून तोरणमाळ सुमारें ५५ किलोमीटर. केळी-पपईचे मळे संपले, घाट लागला, आणि माथ्यावर उतरतांच सर्वांनीं शाली शोधल्या. यशवंतराव चव्हाणांचें नांव दिलेला यशवंत तलाव तेथें असा पसरला आहे, कीं आपण डोंगर चढून आलों कीं उतरून, असा भ्रम व्हावा. तोरण नांवाच्या झाडांवरून स्थळास हें नांव पडलें, असें सांगतात. महाशिवरात्रीस येथें यात्रा भरते व दूरदूरच्या पाड्यांवरून माणसें पायीं येतात. आम्ही गेलों तेव्हां मात्र सर्वत्र शांतता होती.

रविवारीं पहांटें वेळापत्रकाबरहुकूम चहा तयार होता, दशम्या तयार होत्या. सीताखाईच्या कड्यावर पोंचलों, तेव्हां धुकें दरींतून वर येत होतें. आम्ही मुलांना नाथपंथाची माहिती देत होतों. मोठ्या रंगांत आलों होतों, हें कबूल केलें पाहिजे. इतक्यांत धाकटा नातू म्हणाला, “आजोबा, हळू बोला. आई झोंपली आहे.” पाहतों तों सूनबाई डब्यांच्या पिशवीवर मान टेकून गाढ झोंपलेल्या. पुढ्यांत एवढी दरी, आणि तिनें ती पाहिलीहि नव्हती.

घरांतील मंडळी आमच्याकडे न पाहतांच म्हणाल्या, “ती तीन वाजल्यापासून उठली आहे. सहल तुमची, तिची चूल तेवढी अक्कलकुव्याहून इकडे आली.”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. स्वयंपाक ती हौसेनें करते, अशी आमची समजूत होती. विचारलें मात्र कधींच नव्हतें.

मच्छिंद्रनाथाची गुंफा राहिली. वस्तीजवळ एका साध्या खाणावळींत दुपारीं सर्वजण जेवावयास बसलों. वाढणाऱ्या पावरा बाईनें ज्वारीची गरम भाकरी व उडदाची डाळ पानांत घातली. साठी उलटेपर्यंत पाळलेला आमचा नियम त्या डाळीबरोबर पोटांत गेला, आणि खरें सांगावयाचें तर डाळ फारच चवदार होती. आम्ही दुसऱ्यांदा मागितली, तेव्हां चिरंजीव खालीं मान घालून हंसले. सूनबाईंनीं पहिल्यानेंच गरम भाकरी इतरांच्या बरोबरीनें खाल्ली.

जेवणानंतर नणंद-भावजय तलावाच्या कांठानें फिरावयास गेल्या. अर्ध्या तासांत येतों म्हणाल्या होत्या. दोन तास झाले. आम्ही चारदां घड्याळ पाहिलें. परततांना घाटांत अंधार पडणार, हें दिसत होतें. घरांतील मंडळींनीं डोळ्यांनींच दटावलें, म्हणून गप्प बसलों.

शेवटीं दोघी हंसत आल्या. साड्यांचे कांठ भिजलेले, हातांत धडगांवकडचा आमचूर. “मामंजी, उशीर झाला कां?” सूनबाईंनीं विचारलें.

“वेळापत्रकांत तलाव सायंकाळींच होता,” आम्ही म्हणालों.

त्या दिवशीं सकाळनंतर शेगडी पेटलीच नाहीं. पुढील मार्गशीर्षांत ती न्यावयाची नाहीं, असें सूनबाईंनीं गाडींतच जाहीर केलें. तेव्हां सर्वांत आधीं मान आमच्या मंडळींनींच डोलविली.