भेग जुळली, पुढे काय?

कोयना धरणाचं मॉडेल जगभरचे विद्यार्थी संगणकावर चालवतात. १०३ मीटर उंचीचा छेद, ११ डिसेंबर १९६७ला धरणातल्याच यंत्राने नोंदलेला भूकंप, आणि शेवटी एक रंगीत चित्र: मागचा उतार जिथे बदलतो तिथे लाल पट्टा. खऱ्या धरणालाही तिथेच भेगा पडल्या होत्या. जुळलं म्हणायचं आणि प्रबंध बांधायला टाकायचा.

माझा आक्षेप या 'जुळलं'ला आहे. उतार अचानक बदलतो तिथे ताण एकवटणार, हे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही कळतं. धरणाखाली राहणाऱ्या माणसाचा प्रश्न त्यापुढचा आहे. भेग आरपार गेली तर वरचा तुकडा जागेवर राहील का? कोयना तेव्हा टिकलं, पण उंच खंडांना नंतर मागून काँक्रीटचे टेकू द्यावे लागले.

या प्रश्नाचं उत्तर भेगेच्या दोन तोंडांमधल्या स्पर्शात आणि घर्षणात आहे. भूकंपात भेग पुन्हा पुन्हा उघडते, मिटते. मिटली की दाब, आणि दाब असेल तरच घर्षण. घर्षण ऊर्जा खातं, त्यामुळे बलं कोणत्या क्रमाने आली यावरही उत्तर बदलतं. कुलॉमचा नियम शाळेत एका ओळीत संपतो. तोच लवचीक पदार्थातल्या भेगेला लावला की घर्षणांक मोठा असल्यास एकाहून जास्त उत्तरं निघू शकतात. घर्षण वगळलं तरी सुटका नाही. सिन्योरिनीने १९५९मध्ये मांडलेला बिनघर्षणाचा प्रश्न सुटायला फिकेरासारखा गणिती लागला.

आमचं सॉफ्टवेअर काय करतं? रूढ पद्धतीत वेगळी भेग नसतेच, तिथलं काँक्रीट फक्त मऊ केलं जातं. भेग मिटल्यावर कडकपणा किती परत येतो, हे एक गुणक ठरवतो. अबाकसमध्ये काही सांगितलं नाही तर दाबासाठी तो १ धरला जातो, म्हणजे मिटलेली भेग दाबाला अख्ख्या काँक्रीटसारखी. घसरण्याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

भेग खरा पृष्ठभाग म्हणून घेतली, तर बरेचदा पेनल्टी पद्धत येते. तोंडांना एकमेकांत किंचित घुसू द्यायचं आणि घुसतील त्या प्रमाणात मागे ढकलायचं. या काल्पनिक स्प्रिंगचा कडकपणा काँक्रीट सांगत नाही. फार वाढवला तर गणित अडकतं, कमी केला तर तोंडं एकमेकांत शिरतात. मी कोड लिहून पोट भरतो. असे आकडे 'आता चाललं, हात लावू नका' या तत्त्वावर कसे ठरतात ते रोज बघतो.

साधा हिशेब करा. भेग आडवी धरा, पाण्याचा दाब सोडा. वरच्या तुकड्याला गुरुत्वाच्या ०.८ पट आडवं त्वरण मिळालं, तर घर्षणांक ०.७ असताना तो सरकतो, १ असताना हलत नाही. खडबडीत काँक्रीटसाठी यातला कुठलाही आकडा खपून जाईल.

'इतक्या वेळा चालवायला वेळ कुठे?' असं ऐकवलं जातं. रात्री संगणक रिकामाच असतो. घर्षणांक ०.६पासून १.२पर्यंत बदला, स्प्रिंग दहापट कडक आणि दहापट मऊ करून बघा, आणि दर वेळी माथा किती सरकला ते अहवालाच्या पहिल्या पानावर छापा. रंगीत चित्र परिशिष्टात टाकलं तरी चालेल.