मालीशवाल्या बाईंना शरीररचना शिकवावी

इंदूरच्या मराठी घरांत बाळ जन्मले की थोड्याच दिवसांत मालीशवाली बाई येऊ लागते आणि पुढचे चाळीस दिवस बाळ-बाळंतीण तिच्या हाती असतात. आपण डॉक्टरमंडळी बाळाला जन्मानंतर तपासतो. मग बहुधा एकदम सहाव्या आठवड्यात, लसीच्या निमित्ताने. मधल्या काळात तो इवलासा देह जिच्या बोटांखालून रोज जातो, तिला आपण हसतो, किंवा ‘मालीश बंद करा’ असे आईला बजावतो. आजी आपले ऐकत नाही, हा भाग वेगळा.

माझे मत असे, की या बायांना शरीररचना शिकवावी. गेली काही वर्षे दुपारच्या निवांत वेळी मी माझ्या दवाखान्यात त्यांना सांगाडा आणि चित्रे दाखवत आले आहे. त्यांतल्या एक मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या. स्टर्नोमॅस्टॉइड स्नायू कानामागून निघून छातीच्या मधल्या हाडापर्यंत कसा जातो, हे त्यांनी स्वतःच्या मानेवर बोट फिरवून तीनदा ताडून पाहिले. पुढे तीन आठवड्यांच्या एका बाळाच्या मानेत त्यांच्या बोटांना सुपारीएवढी गाठ लागली. अशी गाठ तेल लावून रगडायची, हा जुना रिवाज. मावशींनी ती रगडली नाही. गाठ त्या स्नायूच्या वाटेवरच आहे आणि बाळाची मान त्याच बाजूला कलते, एवढे पाहून त्यांनी आईला माझ्याकडे धाडले. जन्मजात वाकडी मान लवकर ध्यानी आली, तर बहुतेक बाळे हलक्या ताणाच्या व्यायामांनी सुधारतात. शस्त्रक्रिया क्वचितच लागते. येथे निदान लसीच्या तारखेपूर्वी तीन आठवडे झाले, तेही एका मालीशवालीमुळे.

शरीर आतून ठाऊक झाले की रोजचे पाहणेही पालटते. “डॉक्टरबाई, आता रस्त्यात कोणी लंगडताना दिसलं की नजर आधी खुब्याकडे जाते,” असे मावशी म्हणाल्या. बांधकामावर बाळ कडेवर घेऊन उभी असलेली मजूरबाई त्यांना हल्ली शहाणी वाटते. पाय फाकवून बसलेल्या बाळाच्या मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नीट बसतो. उलट सुखवस्तू घरात पाय सरळ ताणून दुपट्यात करकचून आवळलेले बाळ दिसले, की त्या न विचारता दुपटे सैल करतात. नवजात बाळाच्या खुब्याचा बराच भाग अजून कूर्चेचाच असतो, हे कळल्यावर पाय ओढून ‘सरळ’ करण्याचा त्यांचा उत्साह मावळला. चाफेकळी नाकासाठी चिमटे काढणेही थांबले. मातेच्या संप्रेरकांमुळे फुगलेली बाळाची छाती आपोआप उतरते; ती पिळल्यास गळू होऊ शकते, हे आता त्याच आजीबाईंना समजावतात. आजीबाई त्यांचे ऐकतात. माझे ऐकत नसत.

काही स्नेही विचारतात, अर्धवट ज्ञानाने या बाया उद्या हाडे बसवू लागल्या तर? भीती खोटी नाही. एका बाईंनी शिकल्यावर कंबरदुखीचे रुग्ण पाहायला सुरुवात केली होती. त्यांना मी स्पष्ट शब्दांत थांबवले. म्हणून मी दाबायच्या जागांआधी न दाबायच्या जागा शिकवते : टाळू, मानेची पुढची बाजू, पोट. नाकाकानात तेल नाही, हेही तेव्हाच. नाकातले तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. अज्ञानी हात तर आजही बाळावर फिरतोच आहे. त्याला वाट दाखवण्याचा धोका मला त्याहून लहान वाटतो.

आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात विद्यार्थिदशेतला हाडांचा संच धूळ खात पडला असेल. तो पुसून दोन दुपारी मोकळ्या ठेवाव्यात. शिकवताना हिंदी-मराठीची सरमिसळ चालते, लॅटिन नावे मुळीच लागत नाहीत. पहिला प्रश्न बहुधा टाळू तेलाने भरते का, हाच येईल. ती साधारण दीड वर्षापर्यंत आपोआप भरते, तेल घाला अथवा न घाला, हे मात्र हसू न देता सांगावे.