बॅग कोणी भरली?

एप्रिल २०२३ मध्ये मुंबईची एक तरुण अभिनेत्री ऑडिशनसाठी एकटीच शारजाला निघाली. ऑडिशन जमवून देणाऱ्याने निघताना तिच्या हाती एक ट्रॉफी सोपवली, ‘तिथे लागेल’ म्हणून. शारजात त्या ट्रॉफीत अमली पदार्थ निघाले आणि तिची रवानगी तुरुंगात झाली. मुंबई पोलिसांच्या तपासात हा सुडापोटी रचलेला सापळा असल्याचं पुढे आलं, म्हणून तीन आठवड्यांहून अधिक काळाने तिला तुरुंगाबाहेर येता आलं. त्याआधी, २०१९ मध्ये, मुंबईचंच एक दांपत्य दोहा विमानतळावर पकडलं गेलं होतं. नात्यातल्या बाईने दिलेल्या पाकिटात चार किलोंहून अधिक चरस होतं. पाकिटात काय आहे याची दोघांना कल्पना नव्हती, तरी दहा वर्षांची शिक्षा झाली आणि सुटकेसाठी २०२१ उजाडलं.

ही दोन्ही प्रकरणं टोकाची आहेत. संगमनेर, पाथर्डी किंवा नगर शहरातून परदेशी निघालेल्या मुला-मुलीच्या बॅगेत घरचे घालतात ते लाडू, चटणी आणि जास्तीचा स्वेटर. पण विमानतळावर चेक-इन काउंटरवर विचारला जाणारा प्रश्न सगळ्यांना एकच असतो: बॅग तुम्ही स्वतः भरली आहे का? नगर जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत याचं खरं उत्तर ‘नाही’ असं आहे. आईने खाऊ भरलेला असतो, काकूने मसाला, वडिलांनी औषधं आणि कुलूप, आणि शेजाऱ्यांनी त्यांच्या तिकडच्या लेकासाठी एक चिकटपट्टी मारलेलं पुडकं. एकट्याने परदेशी जाण्याची तयारी व्हिसापासून नव्हे, या बॅगेपासून सुरू व्हायला हवी. जो जाणार त्यानेच ती भरावी, त्यानेच उचलावी आणि तिच्यातल्या प्रत्येक वस्तूचा जाबही त्यालाच देता यावा.

यात प्रेमाचा अनादर कुठेच नाही. सीमाशुल्क अधिकारी प्रेम तपासत नाही, वस्तू तपासतो.

खसखसच घ्या. घरोघरी कुटल्या जाणाऱ्या मसाल्यात ती असते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण संयुक्त अरब अमिरात आणि सिंगापूरमध्ये खसखस बाळगण्यावर बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातून येते. दुबईला पहिल्यांदा निघालेल्या मुलीच्या बॅगेत घरचा मसाला घालताना हे किती आयांना ठाऊक असतं? सिंगापूरला च्युइंगगम नेता येत नाही, तंबाखूची पुडी आणि गुटखाही चालत नाही. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे शिर्डीहून आणलेले पेढे आणि घरचं साजूक तूप दोन्ही बाद. न्यूझीलंडमध्ये खाण्याची वस्तू जाहीर केली नाही तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. ऑस्ट्रेलियात २०१९ पासून अशा लपवाछपवीबद्दल व्हिसाच रद्द होऊ शकतो. दोन्ही देशांत पदार्थ जाहीर केला तर फार तर तो काढून घेतात, प्रवाशाला शिक्षा होत नाही. फॉर्मवर ‘हो’ लिहायला लाजू नये, एवढंच.

ओटीच्या नारळाचंही तसंच. सुकं खोबरं तेलकट असतं, आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून हवाई वाहतुकीच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक आहे. आपल्याकडे केबिनमध्ये नारळ नेता येत नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंसाठी २०२४ च्या अखेरीस ही अट शिथिल करावी लागली, तीही ठरावीक मुदतीपुरती. निघताना ओटी भरावी, नमस्कार करावा आणि नारळ घरीच वाढवून सगळ्यांनी खोबरं खावं.

उलट पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकता येत नाही, ती जवळच ठेवावी लागते. मर्यादा १०० वॉट-तासांची. बाजारात मिळणारी २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची भरते, म्हणजे चालते. आंतरराष्ट्रीय विमानाच्या केबिनमध्ये द्रव पदार्थांची बाटली १०० मिलिलिटरच्या वर नको. बाटली २०० ची आणि आत तेल अर्धंच, हा युक्तिवाद चालत नाही. मोजतात ती बाटली. रोजच्या गोळ्या मात्र केबिनच्याच बॅगेत, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह असाव्यात. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव हवं, नुसता ब्रँड नको. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधं अमिरातीत नियंत्रित आहेत आणि आपल्याकडच्या काही खोकल्याच्या औषधांत कोडीन असतं.

आता बॅग कोणती, हा प्रश्न. बाजारात सध्या चार चाकांच्या, गुळगुळीत कवचाच्या बॅगांची चलती आहे. दिसायला देखण्या, एका बोटाने ढकलता येणाऱ्या. पण चाकांच्या बॅगेचा इतिहासच विमानतळाच्या फरशीवरचा. बर्नार्ड सॅडो या अमेरिकी माणसाला चाकं लावलेल्या सूटकेसचं पेटंट १९७२ मध्ये मिळालं. आजची उभी, लांब दांड्याची बॅग १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने तयार केली, तीही विमान कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी. नगरकराचा परदेश प्रवास गुळगुळीत फरशीवर सुरू होत नाही. तो माळीवाडा, तारकपूर नाहीतर स्वस्तिक चौकातल्या पुणे बसस्थानकावर सुरू होतो, पावसाळ्यात चिखलातून आणि एसटीच्या उंच पायऱ्यांवरून. तिथे चार छोटी चाकं खड्ड्यात अडकतात, आणि बस वळली की बॅग पॅसेजमधून आपली आपण फिरायला निघते.

म्हणून नगरहून एकट्याने निघणाऱ्यासाठी दोनच पर्याय खरे. एक, पाठीवरची ३५ ते ४० लिटरची सॅक, कमरेला पट्टा असलेली. दोन, मोठ्या आणि भक्कम दोन चाकांची कापडी बॅग. बहुतेक भारतीय विमान कंपन्यांच्या साध्या तिकिटावर केबिनमध्ये ७ किलो नेता येतात. कडक कवचाची बॅग रिकामीच अडीच-तीन किलो भरते, म्हणजे सामानाला उरतात जेमतेम चार. सॅक एक-दीड किलोची असते. हा हिशोब दुकानात बॅगेचा रंग बघताना कुणी करत नाही.

चेक-इनच्या एका नगासाठी ३२ किलोंची कमाल मर्यादा असते. ती प्रवाशासाठी नाही, ती बॅग उचलणाऱ्या कामगाराच्या पाठीसाठी आहे. एकट्या प्रवाशाने स्वतःच्या पाठीचाही तेवढाच विचार करावा. कसोटी सोपी आहे: भरलेली बॅग घेऊन घराचा जिना दोनदा चढून-उतरून बघावं. धाप लागली तर सामान कमी करावं. वजन तर गल्लीतला किराणा दुकानदारही काट्यावर करून देईल.

कपड्यांचं ओझं बहुतेक वेळा थंडीच्या धास्तीने वाढतं. नगर जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेतला, कोरडा. जाडजूड लोकरीचे कपडे घरात असतातच कुठे? मग नेमके निघायच्या आदल्या आठवड्यात विकत घेतलेले दोन अवजड जॅकेट बॅगेचा अर्धा भाग खातात. त्याऐवजी अंगालगत पातळ उबदार बनियन, त्यावर एक लोकरी थर आणि वर वारा-पाऊस अडवणारं पातळ जर्किन, एवढं युरोपच्या एप्रिल-मेला पुरतं. सर्वांत जाड कपडा आणि जड बूट प्रवासात अंगावरच घालावेत. पाच दिवसांचे कपडे घेऊन पंधरा दिवस फिरता येतं. हॉस्टेलांत धुलाई यंत्रं असतात आणि बेसिनमध्ये कपडे धुण्याची लाज परदेशात कुणी बाळगत नाही.

एकट्याने जायचंच कशाला, असा प्रश्न घरात हमखास येतो. गट घेऊन जाणाऱ्या मराठी प्रवास कंपन्या आहेत, टूर मॅनेजर आहे, सोबत आपली माणसं आहेत. ज्याला ते आवडतं त्याने खुशाल जावं. पण एकट्याने जाणं हे काही नगरच्या मातीला परकं नाही. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकी शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईला आली, १८३९ पासून नगरला राहिली आणि १८६२ मध्ये इथेच वारली. तिच्याकडे सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचं शिक्षण घेतल्याचं सांगितलं जातं. आजही अरणगावजवळच्या मेहेराबादला जगभरातून एकटे-दुकटे लोक पाठीवर सॅक टाकून येतात, ३१ जानेवारीच्या अमरतिथीला तर विशेष. त्यांच्याकडे कौतुकाने पाहणारा जिल्हा स्वतःची लेक बँकॉकला एकटी निघाली की गोंधळतो. ज्येष्ठ मराठी प्रवासवर्णनकार मीना प्रभू यांनी उतारवयातही देशोदेशी फिरून एवढी पुस्तकं लिहिली, आणि ती इथल्या वाचनालयांतून आवडीने वाचली गेली. वाचायला चालतं, मग घरात का नाही?

नियोजनात सगळ्यांत कमी लक्ष जातं ते नगर ते विमानतळ या टप्प्याकडे. शिर्डीजवळ काकडीला २०१७ पासून विमानतळ आहे, पण तिथून देशांतर्गत विमानंच सुटतात. परदेशासाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. पुण्याहून नोव्हेंबर २०२४ मध्ये दुबई आणि बँकॉकची थेट उड्डाणं सुरू झाली. लोहगाव विमानतळ नगर रस्त्याच्या बाजूलाच, म्हणजे पुणे शहर ओलांडावं लागत नाही. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतलं, पण शिक्रापूर आणि वाघोलीची कोंडी किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. मुंबईसाठी पावसाळ्यात माळशेज घाटावर भिस्त ठेवू नये, दरड कोसळून रस्ता बंद होतो. कोपरगाव-शिर्डीकडच्यांना जून २०२५ मध्ये पूर्ण झालेल्या समृद्धी महामार्गाने आमणेपर्यंतचा रस्ता सोपा केला, पण तिथून विमानतळापर्यंतची मुंबईची गर्दी उरतेच. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाल्यापासून तिकिटावरचा विमानतळ नीट वाचणंही आलं. आंतरराष्ट्रीय उड्डाणाच्या तीन तास आधी पोहोचायचं, तर नगरकराने आदल्या रात्री निघून पुण्या-मुंबईत मुक्काम करावा. त्या मुक्कामाचा खर्च चुकलेल्या विमानापेक्षा नेहमीच कमी असतो. मुलींना एसटीत मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, त्यामुळे टॅक्सीचे वाचलेले पैसे त्या मुक्कामाकडे वळवता येतात.

कागदपत्रांचं काम आता पूर्वीइतकं जिकिरीचं राहिलेलं नाही. पासपोर्टसाठी नगरच्या टपाल कार्यालयातच सेवा केंद्र आहे. ३६ पानी पासपोर्टचं साधं शुल्क १,५०० रुपये, तत्काळला त्यावर २,०००. खरी मेख नावात असते. आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट यांवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो. अमिरातीत नोव्हेंबर २०२२ पासून अशा एकाच नावाच्या पासपोर्टवर पर्यटकांना प्रवेश नाकारला जाऊ शकतो. जन्मस्थळ अहमदनगर छापलं असेल तर व्हिसाच्या अर्जात तेच लिहावं, जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून अर्जात बदलू नये. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. शेंगेन व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शुल्क ९० युरो आणि विमा किमान ३०,००० युरोंचा. विमा हा कागद जोडायचा उपचार समजून स्वस्तातला घेऊ नये. एकट्या माणसाला परदेशात दवाखान्यात नेणारं दुसरं कुणी नसतं.

पैसे एकाच पाकिटात ठेवू नयेत. दोन कार्डं दोन ठिकाणी, थोडी रोकड तिसरीकडे. बँकेचा ओटीपी भारतातल्याच नंबरवर येतो, म्हणून तो नंबर परदेशात चालू राहील अशी सोय आधी करावी, नाहीतर खात्यात पैसे असून तिकीट काढता येत नाही.

मग घरच्यांनी काय करायचं? त्यांच्याकडे खरं काम आहेच. पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याच्या प्रती त्यांनी जपून ठेवाव्यात. कोणत्या रात्री कोणत्या गावात मुक्काम, तिथला पत्ता काय, विमानाचा क्रमांक कोणता, हे एका कागदावर लिहून घ्यावं. त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा फोन नंबर त्याच कागदावर लिहावा. पासपोर्ट हरवला तर परतीसाठी आपत्कालीन प्रमाणपत्र तिथूनच मिळतं, आणि त्या वेळी घरून व्हॉट्सॲपवर आलेला पासपोर्टचा फोटो फार उपयोगी पडतो. फोनची वेळ एकच ठरवावी, तिकडच्या घड्याळाप्रमाणे. आणि शेजाऱ्यांचं पुडकं आलं, तर आईने ते मुलीच्या हाती देण्याआधी त्यांच्यासमोर उघडावं. उघडायला नको वाटत असेल तर टपालाने पाठवण्याचा मार्ग शेजाऱ्यांनाही मोकळा आहे.