सौरवादळाचा अंदाज आणि अलिबागची नोंद

सूर्याकडून निघालेलं वादळ पृथ्वीवर कधी पोहोचेल आणि ते किती मोठं असू शकेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर उपग्रह देतात. सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवर असलेल्या आदित्य-एल१ सारख्या यानांमुळे आपल्याला आगाऊ सूचना मिळू शकते, पण ती जेमतेम तासाभराची. वादळ घेऊन येणारा भारित कणांचा ढग वेगवान असेल तर त्याहूनही कमी. ढग सूर्यापासून सुटताना त्याचा वेग आणि दिशा छायाचित्रांवरून काढता येते. त्याच्या पोटातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणमुखी आहे का, हे मात्र तो यानावरून जाईपर्यंत नीट कळत नाही. वादळाचा जोर तर प्रामुख्याने त्यावरच ठरतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणतंही नवं यान एकटं देऊ शकत नाही. त्यासाठी शतकभराहून अधिक काळाच्या नोंदी लागतात, आणि त्या जपण्यात आपण हात आखडता घेऊ नये.

अशा नोंदीचं एक उदाहरण १८५९ चं आहे. त्या वर्षी १ सप्टेंबरला खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर लख्ख ज्वाला पाहिली. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर आदळलं. मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेच्या नोंदीत क्षितिजसमांतर चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे तिथल्या क्षेत्राच्या जवळपास चार टक्क्यांनी घसरलेलं दिसतं. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या लखिना आणि अ‍ॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसह या नोंदीचं विश्लेषण प्रसिद्ध केलं, आणि वादळाच्या जगभरातल्या अभ्यासात तिला महत्त्वाचं स्थान मिळालं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय मोजणी १९०४ मध्ये अलिबागला सुरू झाली. पण त्यानंतरही दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी झाली, म्हणून जुनी आणि नवी मालिका जोडता आली. सलगतेसाठी घेतलेल्या या कष्टांचं मोल आज कळतं.

एका ठिकाणच्या, तेही भर दिवसाच्या घसरणीवरून साऱ्या पृथ्वीवरच्या वादळाची तीव्रता ठरवता येते का, अशी शंका अभ्यासक घेतात. शंका रास्तच आहे, पण तिच्यातून निष्कर्ष निघतो तो अधिक ठाण्यांचा आणि अधिक जुन्या नोंदींचा. दुसरा आक्षेप असा, की आपण विषुववृत्ताजवळ आहोत, तेव्हा काळजी उत्तरेकडच्यांनी करावी. १९८९ च्या मार्चमध्ये कॅनडातल्या क्वेबेकमध्ये सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात होते. तसा धोका आपल्या वीजजाळ्याला तुलनेने कमी आहे, हे खरं. पण उपग्रहांवरून मिळणारे दिशादर्शनाचे संदेश ज्या आयनांबरातून येतात, ते विषुववृत्ताच्या पट्ट्यात फार चंचल असतं. शिवाय आपले अनेक उपग्रह साऱ्या जगाच्याच आकाशात फिरतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये मध्यम तीव्रतेच्या वादळामुळेही नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे ३८ उपग्रह गमावले गेले.

म्हणून यानांवर खर्च करताना कुलाबा-अलिबागच्या जुन्या वह्या संगणकावर आणणं, त्या सर्व अभ्यासकांना खुल्या करणं आणि वेधशाळेभोवतालचा परिसर विद्युत गोंगाटापासून राखणं, ही कामंही अंदाजाचाच भाग मानली पाहिजेत. चुकलेलं यान पुन्हा सोडता येतं. न घेतलेली नोंद मागे जाऊन घेता येत नाही.